ओम्रॉन एचईएम-७१२०: मशीन ठीक आहे, आधी दंड मोजा

दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं आणि मिनिटाच्या आत वरचं बीपी, खालचं बीपी आणि नाडी वाचायची. चार पेन्सिल सेलवर चालणारं हे साधं मशीन घरच्या वापरासाठी घेण्यासारखं आहे. याच्याबद्दल आणि याच्या जातीच्या प्रत्येक मशीनबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: लागोपाठ दोनदा लावलं की दोन वेगळे आकडे येतात. ती तक्रार बहुतेक वेळा मशीनवर अन्याय करणारी असते. त्या दोन आकड्यांचं कारण पुढे येईलच. खरा दोष आहे तो पट्ट्यात, आणि त्याबद्दल दुकानात सहसा कोणी बोलत नाही.

सोबत मिळणारा पट्टा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी आहे. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये शिंप्याची टेप लावून घेर मोजा. ३४-३५ सेंमी भरला तर या पट्ट्याने बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसेल. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाला पुरेशी वेढत नाही, मग रोहिणी दाबायला जास्त हवा लागते. फरक दहा मिमीच्याही (पाऱ्याचे मिलिमीटर, बीपी याच मापात मोजतात) पुढे जाऊ शकतो, म्हणजे निरोगी माणसाला गोळी सुरू होण्याइतका. अशा वेळी ३२ ते ४२ चा मोठा पट्टा वेगळा घ्यावा किंवा २२ ते ४२ चा पट्टा सोबत येणारं मॉडेल मागावं. दुकानदार ‘चालून जाते’ म्हणाला तरी ऐकू नका.

कंपनी ±३ मिमी अचूकता सांगते, ती पट्ट्यातल्या हवेच्या दाबाची. बीपी हे मशीन थेट मोजत नाही. डॉक्टर स्टेथोस्कोपने जे ठोके ऐकतात (कोरोत्कोव्हने १९०५ मध्ये दाखवलेली पद्धत), ते इथे कोणी ऐकत नसतं. हवा सुटत असताना रोहिणीच्या ठोक्यांनी पट्ट्यात बारीक थरथर उठते. ती सर्वांत मोठी असते तिथे सरासरी दाब धरला जातो आणि वरचा-खालचा आकडा त्यावरून गणिताने काढला जातो. म्हणूनच मोजताना हात हलला, बोललं, खोकला आला की गणित बिघडतं. ठोके मुळातच अनियमित असतील, तर एका आकड्यावर विसंबू नये. तीनदा मोजून सरासरी धरावी.

आता दोन वेगळ्या आकड्यांचं. जबड्याखाली, मानेतली रोहिणी जिथे दुभंगते तिथे आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत, भिंतीला ताण कळणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि ही टोकं मेंदूच्या तळाशी जास्त वेगाने संदेश पाठवतात. तिथून हृदयाला ‘हळू’ आणि रक्तवाहिन्यांना ‘सैल व्हा’ असा हुकूम सुटतो. नाडी एक-दोन ठोक्यांत बदलते, रक्तवाहिन्यांना काही सेकंद लागतात. दाब उतरला की नेमकं उलट. ही ओढाताण दिवसभर सुरू असते. १२८ नंतर १२१ आले, तर शरीर आपलं काम करतंय एवढाच त्याचा अर्थ.

मात्र या यंत्रणेची खोड अशी की ती सरावते. दाब काही दिवस चढाच राहिला की ती त्यालाच ‘नॉर्मल’ धरून सांभाळू लागते. महिनोन्महिने १६० असलेल्या माणसाला काही जाणवत नाही, याचं एक कारण हे. ‘मला काही होत नाही’ हा बीपी नसल्याचा पुरावा नाही, म्हणून तर घरात मशीन लागतं.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी-सिगारेट आणि खर्रा बंद. खर्रा तोंडात ठेवून बीपी मोजणं म्हणजे तंबाखूचं बीपी मोजणं. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयानेही आकडा दहाच्या आसपास चढतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या दोन-तीन सेंमी वर, नळी हाताच्या आतल्या बाजूने खाली, आणि पट्ट्यात दोन बोटं जातील इतकाच सैल. हात टेबलावर असा टेका की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. दर दहा सेंमी खाली गेल्यास साधारण सात-आठ मिमी जास्त दिसतात, म्हणून हात खुर्चीखाली लोंबता ठेवू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. घरच्या सरासरीला १३५/८५ ही सीमा धरतात, दवाखान्यातल्या १४०/९० ला नव्हे. अगदी पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजून ज्या हाताचा आकडा जास्त, तोच पुढे वापरावा.

नागपूरकरांसाठी एक गोष्ट माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात दडलेली आहे: मशीन वापरायचं तापमान १० ते ४० अंश. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर नसलेल्या वरच्या मजल्यावरची खोली हे ओलांडते. मशीन आणि माणूस दोघांनाही आधी थंड होऊ द्या. उन्हात उभ्या गाडीत तर ते ठेवूच नका. उन्हाळ्यात कातडीच्या रक्तवाहिन्या पसरतात, घामाने पाणी आणि मीठ जातं, आकडा उतरतो. त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर खाटेवरून उठताना भोवळ येते. उभं राहताच अर्धा-पाऊण लिटर रक्त खालच्या अंगाकडे उतरतं आणि मानेतल्या त्या टोकांना ते सेकंदांत सावरायचं असतं. म्हातारपणात आणि जुन्या मधुमेहात ही चपळाई कमी होते. अशांनी मे महिन्यात बसून एकदा आणि उभं राहून एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावं. वरचं २० ने किंवा खालचं १० ने पडलं, तर गोळी स्वतः न थांबवता डॉक्टरांना फोन करावा. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे उलट चित्र दिसतं: थंडीने वाहिन्या आवळतात, आकडे चढतात.

सावजी जेवून तासाभराने मशीन लावून ‘मिठाने काही झालं नाही’ म्हणणारेही असतात. मिठाचा हिशोब मूत्रपिंडाकडे असतो, आणि तो तासांचा नव्हे, दिवसांचा. दाब कमी पडला की मूत्रपिंड रेनिन सोडतं, त्यातून वाहिन्या आवळणारं आणि मीठ-पाणी धरून ठेवायला लावणारं रसायन तयार होतं. रोजच्या लोणचं-पापडाचा परिणाम वहीतल्या सरासरीत दिसेल, एका आकड्यात नाही.

किरकोळ कुरबुरी: नळी घट्ट गुंडाळून ठेवली की मुडपते आणि ‘एरर’ येतो. चिकटपट्टीत धागे अडकून पकड सुटते. जुन्या टूथब्रशने साफ होते. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा, गळले की मशीन गेलं. वर्षातून एकदा दवाखान्यात नेऊन त्याच हातावर डॉक्टरांच्या यंत्राशी आलटून-पालटून ताडून पाहावं.

गरोदर बाईसाठी घ्यायचं असेल तर त्यासाठी वेगळं तपासलेलं मॉडेलच डॉक्टरांना विचारून घ्यावं. मनगटाचं मशीन दिसायला सुटसुटीत, पण मनगट हृदयाच्या पातळीला न आल्यास वर सांगितलेली सात-आठ मिमीची चूक तिथे रोज होते. दंड फारच जाड असून मोठा पट्टाही बसत नसेल तरच त्याच्या वाटेला जावं.