समितीत बसावे की बाहेरून पाठपुरावा करावा?

आपल्या भागातील स्तनकर्करोगाच्या उपचारसेवा सुधाराव्यात म्हणून वेळ देऊ इच्छिणाऱ्या माणसापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक, रुग्णालयाच्या रुग्ण-सल्लागार समितीवर जाण्याची. दुसरी, रुग्ण आणि नातेवाईक यांच्या स्वतंत्र गटात राहून बाहेरून पाठपुरावा करण्याची. थोरल्या बहिणीच्या आजारपणानंतर मी तीन वर्षे समितीवर होतो आणि गेली चार वर्षे गटात आहे. दोन्हीकडे मनापासून काम करणारी माणसे भेटली, हे आधीच नमूद करतो.

समितीवर जाण्याचा खरा लाभ असा की, उशीर नेमका कुठे होतो ते आतून कळते. डॉक्टर कमी आहेत म्हणून उपचार लांबतात, अशी माझी समजूत होती. समितीवर गेल्यावर लक्षात आले की बायोप्सी वेळेवर होत होती; मात्र ईआर, पीआर आणि हर-2 (कर्करोगाच्या पेशींत हार्मोनचे ग्राहक आणि हर-2 हे प्रथिन आहे का, ते पाहणाऱ्या) या तपासण्यांसाठी ऊतींचे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत आठवड्यातून एकदाच, बुधवारी सकाळी रवाना होत. बुधवारी दुपारी घेतलेला नमुना पुढच्या बुधवारपर्यंत तसाच राही, आणि या तपासण्यांच्या निष्कर्षांशिवाय हार्मोनविरोधी गोळ्या उपयोगी पडतील का, हर-2 प्रथिनावर मारा करणारे ट्रास्टुझुमाब हे औषध द्यावे का, केमोथेरपी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी की नंतर, यांपैकी काहीच पक्के होत नसे. ही माहिती बाहेरच्या माणसाला कोणी आपणहून सांगत नाही. तेवढ्यासाठी तरी समितीतील वर्षे वाया गेली असे मी म्हणणार नाही.

मला तेथून बाहेर पडायला लावले ते इतिवृत्ताने. नमुने आठवड्यातून दोनदा पाठवावेत अशी सूचना मी मांडली. सर्वांनी ती शांतपणे ऐकली, दोघा डॉक्टरांनी दुजोराही दिला. तीन आठवड्यांनी इतिवृत्त हाती आले, त्यात मुद्दा क्रमांक 7 समोर एकच ओळ होती : ‘सदस्यांच्या सूचनेची नोंद घेण्यात आली.’ पुढच्या तिमाहीत तीच सूचना, तीच ओळ. वर्षभरात चार बैठकांमध्ये चार वेळा नोंद घेतली गेली. काम कोणाकडे सोपवले, कधीपर्यंत होईल, होणार नसेल तर अडचण काय, याविषयी अवाक्षर नव्हते. स्पष्ट नकार मिळाला असता तर वरिष्ठांकडे दाद मागता आली असती. नोंद घेतलेल्या सूचनेवर कुठेच दाद मागता येत नाही, आणि कागदपत्रे गोपनीय असल्यामुळे तो विषय बाहेरही नेता येत नाही. आमच्यातील एक सदस्या स्वतः केमोथेरपी घेत असताना बैठकीला आल्या होत्या. अहवालाच्या प्रतीक्षेत पाच आठवडे कसे गेले, ते त्यांनी एकेक दिवस आठवून सांगितले. इतिवृत्तात ते ‘एका सदस्येने अनुभवकथन केले’ एवढेच उतरले. त्यांनी ती प्रत दोनदा वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत.

गटाची पद्धत साधी आहे. प्रत्येक बाईकडून, तिची लेखी संमती घेऊन आणि नाव वगळून, पाच तारखा एका कार्डावर घ्यायच्या : गाठ हाताला लागली तो दिवस, डॉक्टरांना प्रथम दाखवली तो दिवस, बायोप्सी, संपूर्ण अहवाल आणि पहिला उपचार. त्या कशाशी पडताळून पाहायच्या, हेही आता हाताशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात तीन उद्दिष्टे आहेत : पसरू शकणाऱ्या प्रकारच्या कर्करोगांपैकी किमान 60 टक्क्यांचे निदान पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात व्हावे, रुग्ण प्रथम दाखवायला आल्यापासून 60 दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि किमान 80 टक्के रुग्णांचे सुचवलेले उपचार पूर्ण व्हावेत. समितीतील कागद मी वापरले नाहीत, आणि त्यांची गरजही पडली नाही. 23 कार्डे टेबलावर शेजारी शेजारी मांडली तेव्हा बायोप्सी आणि अहवाल यांच्यामधले अंतर कोणालाही दिसत होते. ते तक्त्यासह पत्राने कळवले, पत्रावर आवक क्रमांक घेतला आणि दर पंधरा दिवसांनी त्या क्रमांकाचा हवाला देऊन विचारणा केली. पाचव्या महिन्यात नमुने सोमवारी आणि गुरुवारी जाऊ लागले. त्याच सुमारास एक अधिकारीही बदलले होते, त्यामुळे सगळे श्रेय आमच्या पत्राचे असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण लेखी उत्तर मिळाले, त्यात तारीख होती आणि खाली सही होती.

रेडिओथेरपीच्या बाबतीतही माझा अनुभव असाच आहे. फक्त गाठ काढून स्तन वाचवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहसा रेडिओथेरपी लागते, आणि यंत्र दूर असेल तर कित्येक आठवडे रोज जाणे-येणे शक्य नसल्याने काही जणी संपूर्ण स्तन काढण्याचा पर्याय स्वीकारतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फास्ट-फॉरवर्ड या ब्रिटिश चाचणीत एका आठवड्यात दिलेल्या पाच मात्रा तीन आठवड्यांतील पंधरा मात्रांपेक्षा कमी ठरल्या नाहीत. पाच वर्षांच्या पाहणीतून ते दिसून आले. योग्य रुग्णांना हा पर्याय आपल्याकडे सांगितला जातो का, हे मी समितीत विचारले तेव्हा तो वैद्यकीय निर्णय असून आपल्या कक्षेबाहेर आहे, असे उत्तर मिळाले. गटाने तोच प्रश्न लेखी विचारला आणि विभागाने सविस्तर उत्तर पाठवले.

गटाचे कष्ट मात्र कमी लेखू नयेत. कामाला माणसे अपुरी पडतात, कोणाचा आजार उलटतो, आणि ज्यांच्यासोबत तक्ते केले त्यांना निरोप देण्याचे दिवसही येतात; समितीत हा भार इतक्या जवळून सोसावा लागत नाही.

समितीमुळे काहीच घडत नाही, असेही नाही. 1974 मध्ये स्तनकर्करोगाचे निदान झालेल्या अमेरिकी पत्रकार रोझ कुशनर यांनी, बायोप्सी आणि स्तन काढण्याची शस्त्रक्रिया एकाच भुलीत उरकण्याच्या प्रथेविरुद्ध अनेक वर्षे लिहिले, आणि 1979 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ मंडळावर त्या बसल्या. निदान आणि शस्त्रक्रिया हे दोन वेगळे टप्पे असावेत, असे त्या मंडळाने जाहीर निवेदनात म्हटले. अमेरिकेतील स्तनकर्करोग संघटनांची आघाडी म्हणून 1991 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअ‍ॅलिशननेही आधी बाहेरून दबाव आणून संशोधनासाठी सरकारी निधी मिळवला. त्या निधीचे प्रस्ताव तपासणाऱ्या मंडळांवर पुढे रुग्णांना मतासह जागा मिळाल्या. या दोन्ही ठिकाणी मंडळाचे म्हणणे लेखी आणि जाहीर होते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्यामुळे ज्याला सेवांची रचना अजिबात माहीत नाही, त्याने वर्षभर समितीवर जाण्यास माझी हरकत नाही. फक्त होकार कळवण्यापूर्वी गेल्या चार बैठकांची इतिवृत्ते मागून घ्यावीत आणि प्रत्येक मुद्द्यासमोर एखाद्याचे नाव व तारीख लिहिलेली आहे का, ते पाहावे. ती नसतील, तर पाच तारखांच्या कार्डाचा नमुना आमच्यासारख्या कोणत्याही गटाकडे मिळेल.