ख्रिस्तवासी बाईंची स्मरणिका : छपाई सुरेख, साचा अपुरा

छोट्या डिजिटल प्रेस हल्ली ‘श्रद्धांजली पुस्तिका’ नावाचे तयार पॅकेज देतात. पुण्याच्या पेठेतल्या अशाच एका प्रेसचे पॅकेज ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चच्या सभासदांतल्या) दिवंगत बाईंच्या स्मरण उपासनेसाठी कितपत चालते, ते इथे पाहू. ए-५ आकार, आत १६ पृष्ठे, वेगळे जाड मुखपृष्ठ, मधोमध दोन पिना, १०० प्रती, दोन प्रुफे (छपाईआधी तपासायचे नमुने). मजकूर पक्का झाल्यापासून चार दिवस लागतात. दफनविधी बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत उरकतो, त्यामुळे तिथे ही पुस्तिका मिळण्याची आशा धरू नये. त्या दिवशी उपासनाक्रमाचा एक घडीचा कागद पुरतो. पुस्तिका नंतरच्या स्मरण उपासनेसाठी.

छपाईला नाव ठेवायला जागा नाही. आतला कागद १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला, आहे. चकचकीत आर्ट पेपरपेक्षा हाच घ्यावा, कारण ट्यूबलाइटखाली म्हाताऱ्या डोळ्यांना तो वाचता येतो आणि मागे कुणाला चार ओळी पेनाने लिहाव्याशा वाटल्या तर शाई फुटत नाही. मुखपृष्ठ ३०० जीएसएमचे, मॅट लॅमिनेशनचे. गडद जांभळा किंवा काळा रंग मात्र टाळावा. घडीवर आधी क्रीजिंग केले नाही, म्हणजे घडीची रेघ दाबून घेतली नाही, तर लॅमिनेशन तडकते आणि कण्यावर पांढरी रेघ उमटते. क्रीजिंग करणार का, हे विचारूनच ऑर्डर द्यावी.

अडचण सुरू होते साच्यापासून. तयार डिझाइनमध्ये समई, हार, वर ‘कै.’ आणि खाली ‘दशक्रिया विधी’ची ओळ असते. ऑपरेटर नाव बदलतो, बाकीचे तसेच राहते. म्हणून मुखपृष्ठाचा मजकूर कागदावर लिहूनच द्यावा : ‘ख्रिस्तवासी’, ‘प्रभूमध्ये विसावल्या’, ‘स्मरण उपासना’. वसईकडच्या कॅथलिक घरांत ‘मिस्साबलिदान’ म्हणतात, तिथे तोच शब्द हवा.

दुसरी अडचण अक्षरांची. मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये येतो. प्रेसमध्ये तो जुन्या फाँटात बदलला जातो आणि नेमकी आपली अक्षरे मोडतात. ‘ख्रिस्त’ची वेलांटी सरकून अर्ध्या ख वर जाऊन बसते. ‘सेवा करणाऱ्या’ मधला ऱ्या बिघडतो आणि या वर रफार चढून ‘करणार्या’ होते. ‘बाप्तिस्मा’मधली जोडाक्षरे सुटी पडतात. पहिल्या प्रुफात हे तीन शब्द जिथे जिथे आलेत तिथे बोट ठेवून पाहावे. स्क्रीनवर नाही, कागदावर. दोन प्रुफे पॅकेजमध्येच असतात, तिसऱ्याचे वेगळे पैसे पडतात. म्हणून पहिले प्रूफ घरातल्या एकाने आणि मंडळीतल्या एकाने असे दोघांनी वाचावे. घरचा माणूस नावे पाहतो, मंडळीचा माणूस वचने. वचन कोणत्या भाषांतरातून घेतले ते ठरवून सगळीकडे तेच ठेवावे. एक छापील पवित्र शास्त्रातून (बायबलमधून) आणि दुसरे मोबाइल अॅपमधून आले की शब्द जुळत नाहीत, आणि जुन्या माणसांना वचने तोंडपाठ असतात. गीतांचेही तसेच : ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातला नुसता क्रमांक देऊ नये, पहिली ओळ सोबत हवी.

फोटो पूर्ण पानावर घ्यायचा तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) निदान १७४८ बाय २४८० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकुंचन पावतो आणि छापल्यावर चेहरा धूसर येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर कापले जातात. महिला मंडळाच्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या बाईचा खांदा तिथेच जातो, म्हणून असा फोटो पानाच्या कडेपर्यंत ताणू नये.

सगळ्यात मोठी उणीव प्रेस भरून घेते त्या माहितीपत्रकात आहे. त्यात नाव, जन्म, मृत्यू, पती, मुले यांना रकाने आहेत आणि ‘सामाजिक कार्य’ला दोन ओळी. त्या दोन ओळींत ‘प्रेमळ, धार्मिक, सेवाभावी’ हेच लिहिले जाते, आणि ते कुणाच्याही पुस्तिकेत चालते. बायबलमधली यापो गावची दुर्कस आठवावी. ती वारल्यावर प्रेषित पेत्र आला तेव्हा विधवांनी तिचे गुण सांगितले नाहीत, तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याच्यापुढे धरली. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायातली ही माणसे स्मरणिका कशी लिहावी हे आजही शिकवतात. पंडिता रमाबाईंबद्दल ‘थोर समाजसेविका’ म्हटल्याने काहीच दिसत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी विधवा आणि मुली केडगावला आणल्या, त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली, आणि रमाबाईंनी स्वतः भाषांतर केलेले पवित्र शास्त्र तिथल्याच बायकामुलींनी खिळे (छपाईची धातूची अक्षरे) जुळवून छापले, असे लिहिले की बाई उभी राहते.

ही माहिती घरात सापडतेच असे नाही. मंडळीच्या बाप्तिस्मा आणि विवाह नोंदवहीत तारीख व माहेरचे आडनाव मिळते. आधारवरची जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाची असते, तेव्हा दोन्ही ताडून पाहाव्यात. महिला मंडळाच्या इतिवृत्तात बाईंनी कोणत्या वर्षी खजिना सांभाळला, कुणाच्या शस्त्रक्रियेला वर्गणी काढली, हे असते. शब्बाथशाळेत (मंडळीच्या मुलांच्या धर्मशिक्षण वर्गात) बाईंकडे शिकलेल्या दोन-तीन जणांना ‘त्या कशा होत्या’ असे विचारू नये, ‘त्यांनी तुम्हाला काय शिकवले’ असे विचारावे. उत्तर लगेच बदलते.

आणि त्यांचे स्वतःचे पवित्र शास्त्र. समासात पेन्सिलीने घातलेली तारीख, नातवाच्या परीक्षेच्या दिवशी खूण केलेले स्तोत्र, पानांत दाबलेली वर्गणीची पावती. असे एक पान स्कॅन करून मधल्या जोडपानावर छापावे. तिथे पिना असल्या तरी कागद सलग असतो. स्कॅन करताना पुस्तक काचेवर दाबू नये, जुनी बांधणी उकलते. खिडकीच्या उजेडात वरून सरळ फोटो काढला तरी चालतो. पेन्सिलीची रेघ फिकट आली तर ऑपरेटरला कॉन्ट्रास्ट वाढवायला सांगावे, अक्षरे गिरवू देऊ नयेत.

कुटुंबाची यादी शेवटून दुसऱ्या पृष्ठावर घ्यावी आणि सगळ्यात शेवटी पक्की करावी. सुना, जावई, पतवंडे यांत एक नाव हमखास सुटते. पृष्ठे चाराच्याच पटीत वाढतात, त्यामुळे १६ ऐवजी १७ होऊ शकत नाहीत. जागा हवी असेल तर मान्यवरांचे शोकसंदेश कमी करावेत, बाईंचे पान नाही.

१०० प्रती कमी पडतात. दोनशे-अडीचशेपर्यंत डिजिटल परवडते, त्यापुढे ऑफसेटचा भाव विचारावा. छपाईची पीडीएफ त्याच दिवशी मागून घ्यावी, कारण ही प्रेस तीन महिन्यांनी फाइल काढून टाकते. आणि दोन प्रती पाळकांकडे (मंडळीच्या धर्मगुरूंकडे) द्याव्यात, मंडळीच्या कपाटात नोंदवह्यांशेजारी ठेवायला.