आजच्या तारखेचं हवामान दाखवणारं ॲप: आयडिया एक नंबर, डेटा मात्र तपासून घ्या

या ॲपचं काम एकच, आजची तारीख घ्यायची आणि याच तारखेला आजवर जगात कुठे काय टोकाचं हवामान झालं ते दाखवायचं. उद्या पाऊस पडणार का वगैरे यात मिळत नाही, रडार नाही, काही नाही, त्यामुळे छत्री घेऊ की नको यासाठी डाऊनलोड करणाऱ्यांनी इथूनच परत फिरा.

आवडलं का, तर हो. २१ जुलै उघडून बघा. १९८३ मध्ये या तारखेला अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक स्टेशनवर उणे ८९.२ डिग्री, जमिनीवरच्या स्टेशनने मोजलेलं आजवरचं सगळ्यात कमी तापमान. त्याच्या लगेच खाली २०१६, कुवेतमधलं मित्रिबाह, ५३.९ डिग्री. आणि त्याखाली २०२४, कोपर्निकस या युरोपच्या हवामान सेवेच्या नोंदीत अख्ख्या पृथ्वीचं सरासरी १७.०९, तोवरचा सगळ्यात गरम दिवस, आणि तो रेकॉर्ड बिचारा दुसऱ्याच दिवशी २२ ला तुटला. तिकडे व्होस्तोकला सूर्यच उगवत नाही आणि इकडे कुवेत भाजून निघतोय, हे भूगोलात सगळ्यांनीच वाचलेलं असतं पण एकाच स्क्रीनवर वरखाली आलं की जे वाटतं ते वेगळंच. ज्याने कुणी हे पान लावलंय त्याला सलाम.

आता रडगाणं. २२ जानेवारी १९४३, अमेरिकेतलं स्पिअरफिश. सकाळी साडेसातला उणे २० डिग्री होतं आणि दोन मिनिटांत ते ७ वर गेलं, कारण डोंगरावरून उतरणारा चिनूक नावाचा कोरडा गरम वारा खाली साचलेल्या थंड हवेला ढकलून आत घुसला. नंतर पुन्हा वारा पडला आणि पारा सत्तावीस मिनिटांत होता तिथे परत. इतकी जबरदस्त गोष्ट, आणि ॲप म्हणतं "दोन मिनिटांत ९.४ डिग्रीची वाढ". अरे उणे २० पासून ७ म्हणजे २७ होतात ना! झालंय असं की मूळ आकडा ४९ फॅरनहाइटचा फरक आहे आणि यांनी सेल्सियस करताना त्यातून ३२ वजा करून टाकले, जे तापमानासाठी करायचं असतं, फरकासाठी नाही. जिथे जिथे चढउतार दिलाय तिथे हाच घोळ, म्हणजे ॲपमधला सगळ्यात मजेशीर भागच चुकीचा.

दुसरं, १३ सप्टेंबरला लिबियातलं अल अझिझिया अजून ५८ डिग्री घेऊन ऐटीत बसलंय, "जगातलं सर्वोच्च तापमान" अशा लेबलसकट. १९२२ ची ही नोंद जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये, तीही बरोबर १३ सप्टेंबरलाच, रद्द केली. नोंद घेणारा नवखा होता, उपकरण वाचायला अवघड होतं आणि चूक साधारण ७ डिग्रींची असावी असं तपासणीत निघालं. या दोन्ही तारखा शेजारी टाकल्या असत्या तर ते पान २१ जुलैच्या तोडीचं झालं असतं, हातात आलेली गोष्ट घालवली राव. अधिकृत रेकॉर्ड आता अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा आहे, १० जुलै १९१३, ५६.७ डिग्री, आणि त्यावरही काही अभ्यासक शंका घेतात पण ॲपला त्याचा पत्ता नाही.

पावसाचा प्रॉब्लेम वेगळा आहे आणि त्यात ॲपची पूर्ण चूक म्हणता येत नाही. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर फोक-फोकला २४ तासांत १८२५ मिमी पडला तो १९६६ च्या ७ आणि ८ जानेवारीला मिळून, चेरापुंजीचा ४८ तासांचा २४९३ मिमी हा १९९५ च्या १५-१६ जूनचा. पाऊस काही रात्री बाराला थांबून तारीख बदलायची वाट बघत नाही. पण ॲपने सरळ पहिल्या तारखेत सगळा आकडा टाकलाय आणि ८ जानेवारीला कुठल्याशा किरकोळ बर्फाची नोंद. दोन्ही पानांवर दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

एप्रिल मात्र मस्त जमलाय. १० ला ऑस्ट्रेलियातल्या बॅरो बेटावरचा ताशी ४०८ किमीचा वारा, १९९६ चा, ऑलिव्हिया चक्रीवादळातला, आणि त्याला मान्यता २०१० मध्ये मिळाली हेही नीट दिलंय. १२ ला अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन डोंगरावरचा १९३४ चा ३७२ किमीचा, जो तोवर पहिल्या नंबरवर होता. १४ ला बांगलादेशातल्या गोपालगंजची १९८६ ची गार, एक किलोहून जड! (२९ फेब्रुवारीला फारसं काही नाही, साहजिक आहे.)

पाचपैकी तीन स्टार. फरकाचं गणित दुरुस्त केलं आणि रद्द झालेल्या रेकॉर्डवर काहीतरी खूण केली की चौथा देईन. आणि हो, नोटिफिकेशन बरोबर मध्यरात्री वाजतं, टाकल्या टाकल्या आधी ते बंद करा, ते बटण कुणास ठाऊक का पण फॉन्टच्या सेटिंगमध्ये लपवलंय.