भोसरीच्या शेडमधली टोकन रिंग: सांभाळावी की इथरनेटवर जावं?

भोसरीच्या एका ओळखीच्या कारखान्यात तपासणीची आठ जुनी यंत्रं अजून टोकन रिंगवर, म्हणजे यंत्रं आळीपाळीने बोलतात अशा जुन्या पद्धतीच्या नेटवर्कवर, चालतात. मालकांनी विचारलं, रिंगच सांभाळू की सगळं इथरनेटवर, म्हणजे आजच्या नेहमीच्या तारेच्या नेटवर्कवर, नेऊ? पुण्यात असा पेच आणखी कुणाला पडला असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

नेटवर्कचे नियम थरांत मांडलेले असतात आणि आयईईई या संस्थेने त्यांना क्रमांक दिलेत. त्यातला लिंक कंट्रोलचा थर, म्हणजे ८०२.२, दोन्हींच्या डोक्यावर तोच बसतो. फरक खाली आहे. तारेवर बोलायची पाळी कुणाची, हे रिंगमध्ये ८०२.५ ठरवतं, इथरनेटमध्ये ८०२.३. यंत्राचं सॉफ्टवेअर ८०२.२ शीच बोलत असेल, तर नेटवर्कचं कार्ड बदललं तरी ते बहुतेक तसंच चालावं. ‘बहुतेक’ का, ते पुढे सांगतो.

रिंगची खरी ताकद पाळीत आहे. तीन बाइटचं टोकन, म्हणजे बोलायचा परवाना, यंत्रांमधून फिरत राहतं. ते ज्याच्या हाती, तोच बोलणार, तेही नेहमीच्या मांडणीत फार तर १० मिलिसेकंद. बाकीच्या सात यंत्रांनी पूर्ण वेळ घेतला तरी आपली पाळी ७० मिलिसेकंदांच्या आसपास येतेच. शिवाय फ्रेम, म्हणजे पाठवलेला माहितीचा तुकडा, फेरा मारून पाठवणाऱ्याकडे परतते आणि तिच्या शेवटच्या बाइटमधल्या खुणा सांगतात, समोरच्याने पत्ता ओळखला का, फ्रेम उतरवून घेतली का. मला रिंगमधलं सगळ्यात जास्त भावतं ते हेच, आणि इथरनेटच्या फ्रेममध्ये ही पोच नाही. या थरावर पोच हवीच असेल, तर ८०२.२ चा पोच देणारा प्रकार, टाइप २ किंवा टाइप ३, वापरावा लागतो.

हबवरच्या, म्हणजे सगळ्यांची एकच सामायिक तार असलेल्या, जुन्या इथरनेटमध्ये दोघं एकदम बोलले की टक्कर व्हायची, १६ प्रयत्न फसले की कार्ड फ्रेम सोडून द्यायचं. आजच्या स्विचवर प्रत्येक यंत्राला वेगळी वाट मिळते; फुल डुप्लेक्समध्ये, म्हणजे एकाच वेळी पाठवता-घेता येतं तेव्हा, टक्कर होतच नाही. रिंगसारख्याच प्राधान्याच्या आठ पातळ्या ८०२.१क्यूच्या टॅगमध्ये, म्हणजे फ्रेमला जोडलेल्या छोट्या चिठ्ठीत, मिळतात. वेगाबद्दल काही बोलायलाच नको. रिंग ४ किंवा १६ मेगाबिटची, साधा स्विचही १०० चा.

मघाशी ‘बहुतेक’ म्हणालो, कारण अडचण येते ती कार्डांच्या पत्त्यांत. बाइटमधला वरचा बिट रिंग आधी पाठवते, इथरनेट खालचा. म्हणून आयबीएमच्या रिंग कार्डाचा १०-००-५ए ने सुरू होणारा पत्ता इथरनेटच्या रीतीने ०८-००-५ए होतो. प्रोग्रॅममध्ये पत्ते हाताने लिहिले असतील, तर यंत्र ‘सापडत नाही’ असं वाटून माणूस दिवसभर केबल तपासत बसतो. दुसरं, ४ मेगाबिटच्या रिंगवर फ्रेम सुमारे ४,५०० बाइटपर्यंत जाते, इथरनेटमध्ये माहितीला १,५०० बाइटच, म्हणून मोठ्या फ्रेमवर बेतलेलं सॉफ्टवेअर अडू शकतं.

माझं मत इथरनेटच्या बाजूने आहे. स्विच आणि केबल बुधवार पेठेत सहज मिळतात, रिंगचं कार्ड जुन्या बाजारात मिळालं तर नशीब. मात्र यंत्र उघडून कार्ड बदलता येत नसेल, तर आतली रिंग राहू द्या आणि एका संगणकात दोन्ही कार्डं घालून माहिती बाहेर काढा. बदलता येत असेल, तर गुरुवारच्या सुट्टीत आधी एकाच यंत्राचं कार्ड बदला आणि सगळ्यात मोठी फाइल पाठवून पाहा.