अकरा वर्षं जुना छोटा ट्रॅक्टर, चौदा महिन्यांचा वापर आणि एक झाकण

पंधरा हॉर्सपॉवरचा, एका सिलिंडरचा, सेकंडहँड. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा किती आणि माझा किती याचा हिशेब अजून लागलेला नाही. घोडबंदर रोडला ओवळ्याच्या बाजूला आमची नर्सरी आहे. लाल माती, शेणखत, कुंड्या ट्रॉलीतून आत-बाहेर करायच्या आणि पावसाआधी मागच्या तुकड्यात रोटाव्हेटर फिरवायचा, एवढंच त्याचं काम. ताकद पुरते, डिझेल बेताचं पितो, दोन रांगांमधून कुंडी न पाडता वळतो. कौतुक संपलं.

मे महिन्यात रोग सुरू झाला. सकाळी एका सेल्फमध्ये चालू. वीस-पंचवीस मिनिटं झाली की आवाज बारीक व्हायचा, रेस दिली तरी उचलायचा नाही आणि चालता चालता विझायचा. दहा मिनिटं उभा ठेवला की जणू काही झालंच नव्हतं. एकदा असाच गेटात विझला. मागे मातीचा डंपर, त्याच्या मागे अख्खा सर्व्हिस रोड. घोडबंदरचं ट्रॅफिक ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने इंजिनला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "सर, गरम झाला की कॉम्प्रेशन सोडतोय, सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जात नाही. हेड उघडावं लागेल. लायनर-पिस्टन, नोजल, पंप, सगळं धरून अठ्ठावीस हजार."

ट्रॅक्टर घेतलाय नव्वद हजारांना!

मी म्हटलं, "कॉम्प्रेशन गेलं असतं तर थंड असताना आधी रडला असता ना? सकाळी तर एका सेल्फात घेतो." शिवाय धूर काय सांगतो ते बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी पडतेय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय किंवा त्यात पाणी आहे. माझ्या ट्रॅक्टरला यातला एकही रंग नव्हता. "सर, मग तुम्हीच करा," म्हणत त्याने व्हिजिटचे साडेसातशे घेतले आणि गेला. ते साडेसातशे मला अजून टोचतात.

डिझेल इंजिनात ठिणगीची भानगड नसते. दाबून तापवलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेटतं. त्यामुळे चालतं इंजिन असं दम लागल्यासारखं बंद पडलं, तर आधी डिझेल नीट पोहोचतंय का ते बघायचं. डिझेल फिल्टर बदलला. एअर फिल्टरच्या वाटीतलं ऑइल काढलं, तळाला मातीचा शिरा बसला होता, धुऊन नवं भरलं. लाइनचा रबरी पाइप बदलला. रोग तसाच. मी आपला प्रत्येक वेळी डिझेल कमी पडलं असेल म्हणून कॅन ओतायचो, आणि ओतलं की चालू व्हायचा. गंमत म्हणजे टाकी काठोकाठ भरली की उलट लवकर बंद पडायचा. हे दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं.

माती भरणाऱ्या पोराच्या मात्र ते कानात शिरलं. "दादा, झाकण उघडलं की सोड्याच्या बाटलीवाणी फुस्स करतंय."

झालं. टाकीतून डिझेल जितकं खाली जातं तितकी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल पुढे सरकायला तयार होत नाही. टाकी भरलेली असेल तर वरची हवा थोडी, म्हणून ओढ लवकर. उभा ठेवला की कुठून तरी हवा झिरपते, म्हणून दहा मिनिटांनी चालू. आणि कॅन ओतताना झाकण मीच उघडत होतो! सुई घातली तर भोकातून वाळलेल्या चिखलाची गोळी निघाली. कुंभारीण माशीचं काम. हसू नका. १९९६ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेलं एक विमान समुद्रात पडून १८९ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळीत असंच घर झालं असावं, असा संशय तपासात होता.

तर अठ्ठावीस हजारांचं काम एका सुईवर झालं. इथवर मी जूनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि ट्रॅक्टरला पाचपैकी पाच देणार होतो.

ऑगस्टची भर: पाच मागे घेतोय. भोक पुन्हा बुजू नये म्हणून मी शहाणपणाने ते दोन मिलिमीटरच्या ड्रिलने मोठं केलं होतं. ठाण्याचा पाऊस, वर गळका पत्रा. एका सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, धुराड्यातून नुसता पांढरा धूर. फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल केला तर आधी पाणी आलं, मग डिझेल. टाकी रिकामी केली, धुतली, दोन महिन्यांपूर्वीचा फिल्टर पुन्हा बदलला. मग डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा काढणं: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा, मग नोजलचा नट सैल करून सेल्फ मारायचा. अंगठा सोलला. सोळाशे रुपये गेले, आणि हे सर्व्हिसवाल्याला कळू नये एवढीच इच्छा आहे.

नवं झाकण मागितलं तर म्हणे सुटं मिळत नाही, किल्लीच्या सेटसकट घ्या, नऊशे ऐंशी. चोर माझ्या टाकीतलं डिझेल नेणार नाही, नेलं तर पाणीच नेईल. मी भोकात एम-सीलचा ठिपका लावला, सुईने त्यातच बारीक छिद्र पाडलं, आणि उभा असताना झाकणावर नारळाची करवंटी पालथी ठेवतो. दीड महिना झाला, एकदाही विझला नाही.

परवा करवंटी उचलली. आत कुंभारणीने दोन खोल्या बांधल्यात.