स्मार्ट वजनकाटा, नऊ महिन्यांनंतर: ७१.४ ला अडलेलं वजन आणि रोज संध्याकाळी फुगणारं पोट

काटा गेल्या जूनमध्ये घेतला. ₹१,७९९, वर काच, खाली चार पाय, मोबाइलला जोडला जाणारा, वजनाबरोबर चरबी, पाणी, स्नायू, हाडं असे तेरा आकडे देणारा. सगळे असे काटे साधारण सारखेच असतात, म्हणून त्याची माहिती पुन्हा देत नाही. आज लिहायला बसले कारण कंपनीने माझी तक्रार तिसऱ्यांदा 'निकाली काढली' असा मेसेज पाठवला आणि ती निकाली निघालेली नाही.

आधी मी कोण ते सांगते. वय ४७, बँकेत बैठं काम, राहायला ठाण्यात पोखरण रोड नंबर २ ला. सकाळी उपवन तलावाला चार फेऱ्या, साखर बंद, रात्रीचं जेवण साडेसातला. जूनमध्ये ७६.८ होते, ऑगस्टअखेर ७१.६ झाले. त्या तीन महिन्यांत या काट्याला मी पाचपैकी पाच दिले असते. रोज सकाळी आकडा उतरताना दिसायचा आणि दिवसभर हुरूप राहायचा.

गणपतीनंतर आकडा थांबला. ७१.४. दुसऱ्या दिवशी ७१.४. चार-चार दिवस दशांशसुद्धा हलत नसे. दोनशे ग्रॅमने वर जाई, पुन्हा ७१.४. आणि त्याच सुमारास पोटाचा त्रास वाढला. सकाळी पोट सपाट, दुपारी चारपर्यंत टम्म, आणि सात वाजता ऑफिसमधून निघताना सलवारीची नाडी सैल करावी लागायची. दोन घास खाल्ले तरी तडस लागल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गुबारा धरलाय, ओवा चाव." ओवा चावला, हिंगाचं पाणी प्यायले, तासाभराचा आराम पडायचा. माझ्या मनात मात्र एकच हिशोब पक्का झाला होता: वजन उतरत नाही आणि पोट वाढतंय, म्हणजे चरबी पोटावर जमतेय. काट्याच्या ॲपवर 'व्हिसरल फॅट ११' (म्हणजे पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी) लाल रंगात दिसायचं, त्याने खात्रीच पटली. मग मी अजून 'चांगलं' खाऊ लागले. सकाळी वाटीभर मोड आलेली कच्ची मटकी, अकरा वाजता सफरचंद, चार वाजता भरपूर फायबरवाला प्रोटीन बार, रात्री ग्लासभर दुधात प्रोटीन पावडर.

ऑक्टोबरमध्ये मला काट्याचाच संशय आला. एका सकाळी ७१.४ आल्यावर खाली उतरले, भांडंभर म्हणजे पाव लिटर पाणी प्यायले आणि पुन्हा उभी राहिले. ७१.४.  मग पाव लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन. हाही आकडा ७१.४. शेवटी स्वयंपाकघरातून पाच किलो तांदळाची पिशवी आणली, ती घेऊन उभी राहिले, ७६.७ आलं, उतरून पिशवी ठेवली आणि एकटी उभी राहिले. ७१.७! दहा मिनिटांत दोन वेगळी वजनं, एकाच बाईची.

याचा अर्थ माझा काटा आधीचा आकडा लक्षात ठेवतो. नवं वजन त्याच्या थोडं इकडेतिकडे असेल तर मोजलेलं न दाखवता जुनंच दाखवतो, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं की काटा किती स्थिर आहे. मध्ये मोठा फरक पडला, जसा तांदळाच्या पिशवीने पडला, की तो आठवण सोडतो आणि खरं वजन सांगतो. मी ही चाचणी आठ दिवस रोज केली, वहीत लिहिली. सहा दिवस पिशवीआधीचा आणि पिशवीनंतरचा आकडा वेगळा होता.

हे मला फसवणुकीसारखं वाटतं, आणि अजूनही वाटतं. आठवड्याला चारशे ग्रॅम उतरत असतील तर दिवसाला साठ ग्रॅमसुद्धा होत नाहीत. ज्या काट्याने पाव किलोचा फरक गिळून टाकायचा, त्याने दशांशात आकडा दाखवायचाच कशाला? खोक्यावर '५० ग्रॅमपर्यंत अचूक' छापलंय. माणूस त्या आकड्यावर जेवण ठरवतो, उपाशी राहतो. मी राहिले आहे.

ॲपवर तक्रार केली. उत्तर आलं, बॅटरी बदला. बदलली. मग, कडक आणि सपाट जागेवर ठेवा. हॉलमधल्या लादीवरच होता. मग, सर्व्हिस सेंटरला आणा. अर्धा दिवस रजा टाकून, रिक्षाने वागळे इस्टेटला गेले. तिथल्या मुलाने वीस किलोचं वजन ठेवलं, २०.० आलं, "मॅडम, काटा ओके आहे." मी त्याच्यासमोर बाटलीची चाचणी करून दाखवली. तो म्हणाला, "सगळे तसेच असतात." मी म्हटलं, हेच लिहून द्या. लिहून देणार नाही म्हणाला. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तेच. दोन अर्ध्या रजा, रिक्षाचे जवळपास चारशे रुपये, आणि हातात काही नाही.

इथपर्यंत हा लेख नोव्हेंबरमध्येच लिहून ठेवला होता आणि काट्याला एक गुण देऊन मोकळी होणार होते. बरं झालं तेव्हा टाकला नाही.

कारण मग मी फॅमिली डॉक्टरांकडच्या जुन्या, वजनं सरकवायच्या काट्यावर उभी राहिले. ७१.२. म्हणजे काटा दोन-तीनशे ग्रॅम लपवत होता हे खरं, पण तीन महिने वजन अडलं होतं हेही खरंच. माझा सगळा राग काट्यावर निघाला होता आणि वजनाचं उत्तर तिथे नव्हतंच.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मला आजवर कुणी विचारला नव्हता: "पोट सकाळी उठल्यावरही एवढंच असतं का?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, चरबी रात्रीत उतरत नाही आणि दुपारपर्यंत परत येत नाही. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या रेषेत सकाळी आणि रात्री मोजा. नौपाड्यातून वीस रुपयांची टेप आणली. सकाळी ८४ सेंटिमीटर, रात्री ९१. सात सेंटिमीटर! आणि लिटरभर वायूचं वजन असतं जेमतेम सव्वा ग्रॅम. वजनकाट्याला तो कळणं शक्यच नाही. मी मात्र तीन महिने काट्यावर उभी राहून पोटाचं कारण शोधत होते.

त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि पोटाची सोनोग्राफी करायला लावली. चाळिशी ओलांडलेल्या बाईचं पोट आठवड्यातले बरेच दिवस फुगत असेल तर अंडाशय एकदा बघून घ्यायचे, नुसता ओवा चावत बसायचं नाही, असं स्पष्ट म्हणाले. पोट सकाळीही उतरत नसेल, शौचातून रक्त जात असेल, किंवा प्रयत्न न करता वजन घटत असेल तर थांबायचंच नाही. माझं सगळं नॉर्मल आलं. इथे वाचणाऱ्या बायकांना कळकळीने सांगते, ही पायरी गाळू नका. ते रिपोर्ट हातात येईपर्यंतचे चार दिवस मी नीट झोपले नाही, पण नंतरचं सगळं शांतपणे करता आलं.

मग दोन आठवडे दूध बंद. पाव लिटर दुधात बारा ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं, म्हणजे दुधातली साखर. ती पचवणारं विकर मोठेपणी आपल्यातल्या पुष्कळ जणांत कमी होतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिच्यावर जगतात आणि वायू तयार होतो. माझ्या पावडरीच्या डब्यावर 'व्हे कॉन्सन्ट्रेट' लिहिलेलं, त्यातही थोडं लॅक्टोज उरतंच. जास्त गाळलेल्या 'आयसोलेट' पावडरीत ते जवळजवळ नसतं. दही मात्र चालतं, कारण विरजणाने लॅक्टोजचा काही भाग आधीच खाल्लेला असतो. दहा दिवसांत रात्रीची टेप ९१ वरून ८८ वर आली.

उरलेलं कोडं बारने सोडवलं. घटकांच्या यादीत 'चिकोरी रूट फायबर' आणि 'मॅल्टिटॉल' होतं. पहिलं म्हणजे इन्युलिन, आतड्यात झपाट्याने आंबणारं. दुसरी साखरेच्या जागी घातलेली गोडी, तीही नीट शोषली जात नाही. सफरचंदात सॉर्बिटॉल आणि जादा फ्रुक्टोज, मटकी-चवळीत रॅफिनोजसारख्या शर्करा, ज्या फोडायचं विकर माणसाच्या आतड्यात नसतंच. या सगळ्या गटाला फॉडमॅप म्हणतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावरची आहारपद्धत तयार केली. डॉक्टरांनी तीच पद्धत सोपी करून दिली: काही आठवडे बंद, मग एकेक पदार्थ तीन-तीन दिवस परत घ्यायचा आणि टेप लावायची. कायमचं काहीच सोडायचं नाही. मटकी भिजवून पाणी फेकून, मोड आणून, नीट शिजवून छोट्या वाटीत खाल्ली तर मला काही होत नाही. कच्ची वाटीभर खाल्ली की संध्याकाळी टेप सांगते. सफरचंदाऐवजी पपई किंवा संत्रं. बार पूर्ण बंद, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, एक बार ऐंशी रुपयांचा होता.

म्हणजे पोट फुगवत होत्या त्या माझ्या चांगल्या सवयीच. त्रास वाढला की मी त्याच सवयी वाढवत होते.

वजनाचं कारण मात्र वेगळं निघालं. त्यासाठी जांभळी नाक्यावरून ₹३५० चा स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला. नऊ महिन्यांतली ही माझी सगळ्यात चांगली खरेदी. तो आठवण ठेवत नाही; एक ग्रॅम जिरं टाकलं तरी एक ग्रॅम दाखवतो. पहिल्याच दिवशी शेंगदाण्याचा कूट मोजला. कोशिंबिरीत आणि भाजीत मिळून माझ्या वाट्याला तीस ग्रॅम येत होता, म्हणजे १७० कॅलरी. कोशिंबीर म्हणजे हलकं जेवण असं समजून मी ती दुप्पट घ्यायची.

तेलाचा हिशोब कॅनवर केला. पाच लिटरच्या कॅनवर फोडल्याची तारीख लिहिली. चार माणसांत तो २८ दिवसांत संपला. माणशी रोज चाळीस ग्रॅम तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. स्वयंपाकाच्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ताई, मग वांग्याला चव नाही यायची, मला बोल लावू नका." त्यांचंही बरोबर होतं, मी आजवर कधी तेल मोजून दिलंच नव्हतं. आता सकाळी दिवसाचं तेल वाटीत काढून ठेवते, त्या त्यातच करतात. वांगी झाकण ठेवून वाफेवर शिजतात, चव आहे. गेला कॅन चाळीस दिवस पुरला.

शिवाय डॉक्टर म्हणाले ते पटलं: पाच किलो उतरल्यावर शरीराला लागणारं इंधनही कमी होतं, फेऱ्या मात्र चारच राहिल्या होत्या. जूनमध्ये ज्या ताटाने वजन उतरत होतं, त्याच ताटाने ते डिसेंबरमध्ये स्थिर राहणार. कूट दहा ग्रॅमवर आणला, तेल बारा ग्रॅमने कमी केलं, एवढ्यानेच रोजच्या सव्वादोनशे कॅलरी गेल्या. फेऱ्या चारच ठेवल्या आहेत, गुडघा तेवढंच ऐकतो. डिसेंबरच्या मध्यापासून दहा आठवड्यांत ७१.२ वरून ६९.१. रात्रीची टेप ८५-८६.

आता पुन्हा काट्याकडे. व्हिसरल फॅटचा आकडा बघून घाबरणाऱ्यांसाठी हे लिहितेय. हा काटा एका पायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतो आणि दुसऱ्या पायातून घेतो. तो प्रवाह मुख्यतः पायांतून जातो. पोटाच्या आत काय आहे ते तो बघत नाही. बाकी सगळं उंची, वय, वजन घालून सूत्राने काढलेलं. मी ॲपमध्ये माझं वय ४७ ऐवजी २७ केलं, व्हिसरल फॅट ११ वरून ७ झालं. मी तीच, पोट तेच. ज्या एका आकड्यासाठी मी साध्या काट्याऐवजी हजार रुपये जास्त मोजले, तोच आकडा इतका बिनबुडाचा. खारट काही खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी शरीर पाणी धरतं, तेव्हाही चरबीचा आकडा बदलतो. तेराच्या तेरा आकड्यांकडे बघणं मी बंद केलंय.

गुण द्यायचे तर नोव्हेंबरातला एक खोडून दोन देते. वजन साधारण बरोबर दाखवतो, ॲपमधला महिन्याचा आलेख उपयोगी आहे, बॅटरी टिकते. चरबीसाठी घेणार असाल तर घेऊ नका. घरात आधीच असेल तर रोज न चढता रविवारी सकाळी एकदाच, आणि आधी तांदळाची पिशवी उचलून. मी तसंच करते. पिशवी आता हॉलच्या कोपऱ्यातच असते.

वॉरंटी जूनपर्यंत आहे. वहीतल्या आठ दिवसांच्या नोंदींचे फोटो जोडून चौथी तक्रार आज सकाळी टाकली आहे. काटा बदलून नको, फक्त तो जुना आकडा धरून ठेवतो एवढं त्यांनी लेखी द्यावं.