आठ महिने असेप्राइट: कॉन्ट्राचा धबधबा आणि आमच्या होस्टेलची टाकी

२००५ साली होस्टेलच्या आमच्या खोलीत एकच कॉम्प्युटर होता आणि अर्थात एकच कीबोर्ड. एम्युलेटर, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या गेम मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून मी आणि माझा पार्टनर कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम खेळायचो. डावीकडची बटणं माझी, उजवीकडची पार्टनरची. साध्या कीबोर्डला एका वेळी मोजकीच बटणं कळतात. त्याने बाण आणि गोळी दाबून धरली की माझी उडी गायब! तिसऱ्या स्टेजला, धबधब्यावर, हे फार महागात पडायचं. वरचा गडी चढला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो. त्यावरून झालेली भांडणं चितारायची म्हणून गेल्या पावसाळ्यात असेप्राइट हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर विकत घेतलं.

सॉफ्टवेअर फक्त पिक्सेल आर्टसाठी, म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांसाठी आहे. त्याची बटणं आणि मेनूसुद्धा पिक्सेलचेच; डोळे ताणायला लागले तर सेटिंगमध्ये स्क्रीन स्केलिंग वाढवा. पैसे द्यायचे नसतील तर सोर्स कोड उघड आहे, स्वतःपुरतं कंपाइल करून, म्हणजे त्या कोडपासून प्रोग्राम बनवून, वापरता येतं. मी दोन संध्याकाळी खटपट केली आणि गुपचूप पैसे भरले.

खरी मजा जुन्या मशीनचे नियम पाळण्यात आहे. निन्टेन्डोच्या त्या ८-बिट मशीनची स्क्रीन २५६ बाय २४० ची, आणि एका स्प्राइटला (स्क्रीनवर हलणाऱ्या छोट्या चित्राच्या तुकड्याला) पारदर्शक सोडून तीनच रंग. १९८८ च्या कॉन्ट्रात दोन हिरो, बिलची पँट निळी, लान्सची लाल. मी आम्हा दोघांना तसंच केलं: बर्म्युडा, कातडी आणि बनियन. संपले तीन रंग. पार्टनरचा चष्मा काढला तर तो ओळखू येईना, म्हणून बनियनच्याच पांढऱ्यात चष्म्याचे दोन ठिपके दिले. चेहऱ्याला सहा पिक्सेल रुंदी मिळते; त्यात माणसाचं काय ठेवायचं हे ठरवण्यात माझा एक अख्खा रविवार गेला.

धबधब्याच्या जागी आमची ओसंडणारी गच्चीवरची टाकी, खाली बादल्यांची रांग. त्या मशीनवर एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दिसतात. आमचा एकेक गडी दोन स्प्राइट रुंद, म्हणजे चार जणांत ओळ भरली, पाचवा लुकलुकणार. ज्याची कॉलेजातली हजेरीही अशीच होती त्याला पाचवा केला. हलत्या चित्राच्या एका फ्रेममध्ये आहे, पुढच्या फ्रेममध्ये नाही. एफ३ दाबून ओनियन स्किन चालू केलं की मागची फ्रेम पुसट दिसते, त्यामुळे बादली हिंदकळवणं सोपं गेलं.

इंडेक्स्ड मोड मात्र आधीच शिकून घ्या. मी तीन महिने त्याच्या वाट्यालाच गेलो नाही. त्यात पॅलेटमधला, म्हणजे चित्राच्या रंगांच्या यादीतला, एक रंग बदलला की चित्रभर बदलतो. पाच रंग काळपट केले आणि त्याच होस्टेलवर लोडशेडिंग आलं; नवीन काही काढावं लागलं नाही.

कॉन्ट्रात नवी बंदूक देणाऱ्या पंखांच्या बिल्ल्यावर एस ऐवजी चहाचा ‘च’ हवा होता. आठ बाय आठच्या चौकोनात शिरोरेषा एक ओळ खाते, तरी ‘च’ बसतो. ‘चहा’ लिहायला गेलात तर चिखल होतो.

पेन टॅबलेटच्या फंदात पडू नका. मी एक घेतला, कंपनीचं नाव राहू द्या, दीड महिन्यात त्याची वायर ढिली झाली. त्यानंतर सगळं माउसनेच केलं आणि काही अडलं नाही. एक्स्पोर्ट करताना ४०० किंवा ८०० टक्के ठेवा, आणि ग्रुपवर फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कडा पुसट होतात. विकायचा विचार करू नका, खेळ कोनामीचा आहे.

चित्र पार्टनरला पाठवलं. तासाभराने उत्तर आलं, “माझी बादली हिरवी होती रे.” हिरवा आणायचा तर बनियनचा पांढरा काढावा लागेल, आणि पांढऱ्याबरोबर चष्माही जाईल. फाइल अजून उघडीच आहे.